पेठेतला वाडा उतरवण्याआधी काय काय टिपून ठेवावं?

ओसरी
पुण्याच्या सदाशिव पेठेतला एक दुचौकी वाडा पावसाळा संपला की उतरवणार आहेत. भाडेकरूंचं ठरलं, कागद झाले, त्यावर आता वाद नाही. मालकांनी आठ दिवस आत फिरून नोंदी करायला परवानगी दिली आहे.

फोटो सगळेच काढतात. पण फक्त दरवाजा आणि चौकाचे फोटो बघून पुढच्या माणसाला काय कळणार? पाणी कुठून यायचं, धान्य कुठे असायचं, पोरं कुठे खेळायची, यातलं काहीच नाही. म्हणून जाणकारांना विचारते: आठ दिवसांत काय मोजावं, कोणत्या क्रमाने, आणि नवखा माणूस कुठे चुकतो? नेमकं सांगा. पेठेतलं जुनं राहणं कसं होतं हेही त्या ओघात आलं तर हवंच आहे.

तळखडा
क्रम चुकवू नका. पहिला दिवस फक्त मोजमापाचा ठेवा, फोटो नंतर.

तीस मीटरची टेप आणि तीन माणसं लागतात: दोघं टेप धरायला, एक लिहायला. सुरुवात चौकापासून करा. चारही बाजू मोजा आणि दोन्ही कर्ण मोजाच. चौक डोळ्याला चौकोनी दिसतो, पण जागा तिरकी असली की एक कर्ण दुसऱ्यापेक्षा हात-दीड हात मोठा निघतो. कर्ण नसतील तर घरी येऊन नकाशा जुळत नाही आणि परत जावं लागतं.

टेप मधेच उचलू नका. शून्य एका कोपऱ्यावर धरा आणि त्या भिंतीवरचे दार, खांब, कोनाडा असे सगळे आकडे त्याच शून्यापासून लिहा. तुकड्यातुकड्याने मोजलं की दर तुकड्याला अर्धा इंच हुकतो, बारा तुकड्यांत अर्धा फूट गेला.

माप भिंतीपासून नाही, खांबाच्या मध्यापासून घ्या. वाड्याचा भार लाकडी सांगाड्यावर असतो: खाली दगडी तळखडा, त्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, त्यावर फळ्या आणि माती. भिंती मधे भरलेल्या असतात. त्या खाली दोन-अडीच फूट जाड असतात आणि वर निमुळत्या होतात, त्यामुळे भिंतीवरून घेतलेलं माप मजल्यागणिक बदलतं. खांब मात्र खालपासून वरपर्यंत एका रेषेत असतात.

आणि मोजमाप खणात लिहा. एक खण साधारण पाच फूट. "सोपा पाच खणी, माजघर तीन खणी" असं लिहिलं की जुन्या कागदांशी पडताळून बघता येतं.

कडीपाट
तळखडा, बाकी सगळं मान्य, पण खण म्हणजे पाच फूट हे चूक आहे. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. ती हाताशी असलेल्या लाकडाच्या लांबीवर ठरायची. एकाच वाड्यात पुढच्या सोप्याचा खण मोठा आणि मागच्या पडवीचा लहान निघतो. गुणिले पाच करून लांबी काढाल तर फसाल.

तळखडा
बरोबर. पाच फूट हा अंदाज झाला, माप नाही. ओसरीताई, खणांची संख्याही लिहा आणि प्रत्येक खणाचं खरं माप फूट-इंचात त्याच्याखाली लिहा. दोन्ही हवं.

हौदकाठ
पाण्याबद्दल लिहितो, कारण सगळ्यात आधी तेच बुजवतात. वाडा उतरवायला लागले की पहिल्या दोन दिवसांत राडारोडा आडात जातो.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमाराला, कात्रजला तलाव बांधून तिथून शहरात बंदिस्त नळ आणला. नळ म्हणजे आताचा पाइप डोळ्यासमोर आणू नका. तो दगड-चुन्याचा भुयारी पाट आहे, माणूस आत उतरून गाळ काढू शकेल एवढा. पंप नाही, चढ नाही, सगळा उतारावरचा खेळ. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले. उच्छ्वास म्हणजे नळातून वर जमिनीबाहेर काढलेला उभा झरोका. त्यातून कोंडलेली हवा सुटते आणि सफाईला माणूस उतरतो. हवा कोंडली तर उतार असूनही पाणी पुढे सरकत नाही, म्हणून तो लागतोच.

या पाण्यावर शहरातले हौद भरायचे. काळा हौद, बदामी हौद ही नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत. कसब्यातला साततोटी चौकही हौदाच्या सात तोट्यांवरूनच. १८७९ साली खडकवासल्याचं धरण पुरं झालं, पुढे शहरात लोखंडी नळ आले आणि हौद हळूहळू मागे पडले.

वाड्यात तीन गोष्टी शोधा: आड, हौद आणि मोरीचा उतार.

वेताळपेठ
म्हणजे सदाशिव पेठेतल्या वाड्यातल्या हौदात कात्रजचंच पाणी असणार ना?

हौदकाठ
नाही, आणि ही समजूत फार पसरली आहे. नळ जिथून जातो तिथले सार्वजनिक हौद आणि काही मोठ्या मंडळींचे वाडे यांनाच ते पाणी. बाकी वाड्यांना स्वतःचा आड असायचा, आणि वाड्यातला हौद पुष्कळदा आडाचंच पाणी शेंदून भरायचे.

ओळखायची रीत सांगतो. हौदाच्या आतल्या भिंतीवर वरच्या वीतभर भागात भोक आहे का बघा. खापरी नळाचं तोंड असेल तर गोल, भाजलेल्या मातीचं, भोवती चुन्याचा पट्टा. ते सापडलं तर पाणी बाहेरून यायचं. त्याच्यासमोर किंचित खाली दुसरं भोक हवं, जास्तीचं पाणी बाहेर जायला. नळाचं पाणी बंद करता येत नसे, ते सतत येत राहायचं, म्हणून जायची वाट ठेवावीच लागे. दोन्ही भोकं नसतील तर हौद हाताने भरायचा.

आडाच्या काठाचा दगड नीट बघा. दोराने पडलेल्या खाचा किती आणि कोणत्या बाजूला, ते मोजा. एका बाजूला खोल खाचा आणि दुसरीकडे काठ गुळगुळीत, म्हणजे पाणी त्या एकाच बाजूने शेंदत होते. मग त्या बाजूला स्वयंपाकघर आहे की मोरी, ते नकाशावर ताडून बघा.

हौदाची गोष्ट निघालीच आहे तर: गंज पेठेत, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेत, जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पेठेत पाणी कुठे होतं एवढं लिहून भागत नाही, ते कोणाला घेता येत होतं तेही लिहावं लागतं.

मागचा_बोळ
हौदकाठ यांनी शेवटी जे लिहिलं त्याला जोडून. वाड्यांच्या नोंदी करणारे नव्वद टक्के लोक पुढच्या दारावर थांबतात. मागचा बोळ मोजा.

दोन वाड्यांच्या पाठी लागून जो तीन-चार फुटांचा बोळ दिसतो, तो वाऱ्यासाठी ठेवलेला नाही. टोपली संडासाचं (मैला टोपलीत जमायचा त्या जुन्या संडासाचं) दार त्या बाजूला उघडायचं आणि सफाई करणारी माणसं तिथूनच येऊन-जाऊन करायची, म्हणजे त्यांना पुढच्या दाराने यावं लागू नये. भिंतीत जमिनीलगत दीड-दोन फुटांची चौकट बुजवलेली दिसेल, विटा वेगळ्या असतील. तेच ते दार. फोटो काढा, जमिनीपासूनची उंची लिहा आणि खाली ते कशासाठी होतं ते स्वच्छ शब्दांत लिहा.

तसंच बाळंतिणीची खोली. बहुधा माजघराच्या मागे, एकच लहान खिडकी किंवा तीही नाही. कोण कुठल्या उंबऱ्यापर्यंत येऊ शकत होतं, हे वयस्क भाडेकरूंना आत्ताच विचारून ठेवा. भिंती ते सांगत नाहीत.

नीळ
रंगांचं कोणी बोललं नाही. प्रत्येक खोलीत एक जागा निवडा, दाराच्या चौकटीजवळ, छातीच्या उंचीवर. बारीक पॉलिशपेपरने रुपयाच्या नाण्याएवढी जागा गोल गोल घासा, मध्यावर जास्त आणि कडेला कमी. थोड्या वेळात झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. बाहेर अलीकडचा तेलरंग, मग हिरवट डिस्टेंपर, मग निळीचा चुना, पुन्हा पांढरा, त्याखाली काजळीची काळी रेघ, मग परत चुना. काजळीची रेघ आली की त्या खोलीत कधीतरी चूल होती. आज ती दिवाणखाना म्हणून वापरत असले तरी.

शेजारी सहा इंची पट्टी धरून जवळून फोटो घ्या. घाई करून जोरात घासलंत तर सगळे थर एकदम जातात आणि खालची माती दिसायला लागते.

ओसरी
नीळ, हे फार उपयोगी. गिलावा चुन्याचा की मातीचा हे कसं ओळखायचं?

नीळ
लिंबाचे दोन थेंब टाका. चुना असेल तर बारीक बुडबुडे येतात, नुसती माती असेल तर थेंब मुकाट्याने शोषला जातो. सिमेंटवरही थोडे बुडबुडे येतात, पण सिमेंट राखाडी असतं आणि नखाने खरवडत नाही. विटेची जाडी एकेक मोजू नका, दहा थरांची उंची मोजून दहाने भागा, सांध्यासकट सरासरी मिळते. जुनी वीट पातळ आणि चपटी असते. त्याच भिंतीत थरांची उंची बदलली तर तिथे दुरुस्ती झाली आहे.

सागरगोटा
पोरं कुठे खेळायची हा मूळ प्रश्नातला भाग सगळे विसरले.

खाली बसा आणि फरशी तिरप्या उजेडात बघा, सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी टॉर्च जमिनीलगत आडवा धरून. ओट्याच्या आणि पायऱ्यांच्या दगडावर कोरलेले पट सापडतात. नवकंकरीचा पट म्हणजे एकात एक तीन चौकोन आणि प्रत्येक बाजूचे मध्य जोडणाऱ्या चार रेघा. बिंदू चोवीस, प्रत्येकाच्या सोंगट्या नऊ, तीन एका रेघेत आल्या की समोरच्याची एक उचलायची. वाघ-बकरीचा पटही मिळतो. भरदुपारी सरळ उन्हात यातलं काहीही दिसत नाही.

ठसा घ्यायची पद्धत: दगड आधी कोरड्या ब्रशने झाडा. ओला असेल तर थांबा, कागद फाटतो. पातळ कागद, पतंगाचा चालतो, चारही बाजूंनी चिकटपट्टीने ताणून लावा. मेणखडूचं वेष्टण काढून तो आडवा धरा आणि एकाच दिशेने हलके हात फिरवा. मागे-पुढे घासलं की कागद सरकतो आणि प्रत्येक रेघ दुहेरी उमटते. ठशावरच उत्तर दिशा, जागा आणि पायरीचा क्रमांक लिहा.

कोपऱ्यातल्या मातीच्या जमिनीत वाटीएवढा खळगा दिसला तर ती गोट्यांची गल असू शकते. पण तिथे उखळही असू शकतं. उखळ दगडात असतं आणि आतून गुळगुळीत, गलीच्या कडा ढासळलेल्या.

लगोरीवाला
पेठेतल्या खेळांची शब्दसंपत्तीही लिहून घ्या. विटीदांडूत टोल्यांचे प्रकार मोजताना वकट, लेंड, मूंड, नाल म्हणत जायचे. हे तेलुगूतले एक, दोन, तीन, चार: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. प्रत्येक प्रकारात विटी वेगळ्या जागी ठेवून मारायची, पायावर, मुठीवर, कोपरावर, डोळ्यावर.

वेताळपेठ
नालनंतर लगेच आर येतं, मग जकू.

लगोरीवाला
मधे पाचवा शब्द असतो, आणि तिथेच पेठापेठांत भांडण आहे. म्हणून म्हणतो, "अमुक वाड्यात असं म्हणत" एवढंच लिहा, बरोबर-चूक ठरवू नका. साठीच्या पुढच्या चार जणांना वेगवेगळं बसवून विचारा. एकत्र बसले की मोठ्या आवाजाचा माणूस म्हणेल तेच सगळे म्हणतात.

कुंभारवाडा
दिवाळीचा किल्ला चौकात कुठे करायचे तेही विचारा. जागा ठरलेली असे: मोरीच्या वरच्या अंगाला, म्हणजे फवारलेलं पाणी आपोआप वाहून जातं, आणि तुळशीपासून हातभर लांब.

करण्याची रीत टिपून ठेवण्यासारखी आहे. आत विटा आणि दगडांचा ढीग, त्यावर मातीच्या रबडीत बुडवलेलं गोणपाट, त्यावर चाळलेल्या मातीचा हात. नुसती काळी माती वापरली की वाळताना चिरते. तिच्यात लाल माती आणि थोडा भुसा घालावा लागतो. गोणपाट आधी भिजवलं नाही तर ते मातीतलं पाणी ओढतं आणि वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. उतारावर अळीव किंवा मोहरी पेरायची, वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी, म्हणजे दिवाळीत हिरवं दिसतं. पाणी हाताने शिंपडायचं, तांब्याने ओतलं की बी वाहून पायथ्याशी गोळा होतं. मावळे आणि महाराज कसब्यातल्या कुंभारवाड्यातून यायचे.

पूररेषा
वाडा नदीपासून किती लांब आहे? १२ जुलै १९६१ ला आधी पानशेत आणि मग खडकवासला फुटलं. नारायण, शनिवार आणि कसब्याच्या नदीकडच्या भागात पाणी शिरलं. सदाशिव पेठेचा वरचा भाग कोरडा राहिला, त्यामुळे तुमच्या वाड्यात पाण्याची खूण नसेलही. पण बघा. भिंतीवर ओल आलेली दिसते आणि पुराची रेघ दिसते, यात फरक आहे. ओल जमिनीपासून वर चढते, तिची वरची कड वेडीवाकडी. पुराची रेघ सगळ्या खोल्यांत एकाच पातळीत. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी लेव्हल घेतात तशी ती दोन खोल्यांत ताडून बघता येते.

त्या पुरात मातीत बांधलेल्या भिंती पडल्या आणि चुन्यातल्या बऱ्याच टिकल्या. माती पायाशी भिजली की वरचा भार तिला पेलत नाही, आणि कित्येक भिंती पाणी ओसरल्यावर बसल्या. पूरग्रस्तांच्या वसाहती गोखलेनगर, सहकारनगरला झाल्या. पेठेतलं कुटुंब १९६१ नंतर एकदम शहराच्या कडेला गेलेलं दिसलं तर कारण हे असू शकतं. भाडेकरूंची यादी करताना कोण कोणत्या साली आलं, कोण कधी गेलं, हा रकाना ठेवा.

कडीपाट
पूर एका दिवसाचा होता, वाडे पडायला आले ते त्यानंतरच्या चाळीस वर्षांत. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं. नवा कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० ला. मधल्या काळात दहा-वीस रुपये भाड्यात मालक कौलं शाकारणार कशी? एक कौल फुटलं की पाणी कडीच्या भिंतीतल्या टोकाशी जातं. लाकूड कुजतं ते तिथे, मधे नाही. त्यातच वरच्या मजल्यावर मागाहून न्हाणीघर काढतात, आणि त्याची गळती थेट तुळईवर.

दुसरं, नवी फरशी जुन्या फरशीवरच बसवतात. तळखडा जमिनीखाली गाडला जातो आणि खांबाचा बुंधा ओल्या भरावात उभा राहतो. खांबाच्या पायाशी पेचकस दाबून बघा. अर्धा इंच आत गेला तर बुंधा गेलेला आहे. नोंदीत कोणते खांब शाबूत आणि कोणते कुजलेले हे क्रमांकाने लिहा, लाकूड विकताना मालकांनाही उपयोग होईल.

वेताळपेठ
कागदपत्रांचं एक. पेठेतले घरनंबर रस्त्याने ओळीत जात नाहीत, शेजारच्या दोन वाड्यांचे नंबर पुष्कळ लांबचे असतात. पत्ता आणि सिटी सर्व्हे नंबर दोन्ही लिहा आणि नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा उतारा काढा. वाटण्या झाल्या की नंबराला तिरकी रेघ देऊन पोटहिस्से पडतात, त्यावरून एकच वाडा कधी दोन झाला ते कळतं.

त्यामागे जायचं तर पुणे पुरालेखागारातलं पेशवे दफ्तर आहे, पण ते मोडी लिपीत. तिथे पेठांची नावंही जुनी असू शकतात: शनिवार म्हणजे मुर्तजाबाद, शुक्रवार म्हणजे विसापूर, बुधवार म्हणजे मोहियाबाद, रविवार म्हणजे मलकापूर, गुरुवार म्हणजे वेताळ पेठ. तुमच्या पेठेला तो प्रश्न नाही, ती सदाशिवराव भाऊंच्या नावाने वसलेली.

ओसरी
सगळ्यांचे आभार. आज एक फेरी मारली. आडावर पत्रा आहे, उद्या काढतील. मागच्या बोळाकडे बुजवलेली चौकट आहे, जमिनीपासून चार इंचांवर, एक फूट आठ इंच रुंद. दिंडी दरवाजाच्या आत भिंतीत चौकोनी भोक आहे, हात खांद्यापर्यंत गेला तरी तळ लागला नाही. ते काय?

तळखडा
अडणा! दार लावल्यावर आडवा टाकायचा जाड वासा. दार उघडं असताना तो पूर्ण भिंतीत सरकवून ठेवायचे, म्हणून भोक जवळजवळ दाराच्या रुंदीएवढं खोल असतं. काठी घालून खोली मोजा. ती दाराच्या आजच्या रुंदीपेक्षा बरीच जास्त भरली तर पूर्वीचं दार मोठं होतं आणि चौकट नंतर बदलली. वासा अजून आत असेल तर काठी लाकडावर वाजेल, दगडावर नाही. समोरच्या भिंतीत त्याचं टोक बसायची उथळ खोबण असते, तिचीही उंची घ्या.

ओसरी
वाजली. लाकूडच आहे! मालकांना सांगितलं, ते वासा बाहेर काढून ठेवणार आहेत, विकायचा नाही म्हणाले.

उरलेले दिवस असे लावले आहेत: उद्या आड आणि हौद, परवा नीळ यांची वलयं, शनिवारी सकाळी सातला पायऱ्यांचे ठसे, दुपारी चार वयस्क भाडेकरू, एकेकटे. नकाशाची आणि नोंदींची एक प्रत भारत इतिहास संशोधक मंडळात देता येते का ते विचारते, एक मालकांना, एक प्रत्येक भाडेकरूला. शनिवारी टेप धरायला दोन माणसं कमी पडतात.

सागरगोटा
मी येतो. कागद आणि मेणखडू माझ्याकडे आहेत.

कडीपाट
मीही. पेचकस आणि टॉर्च आणतो. वर जाताना जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर आधी एका पायाने भार देऊन बघा, रिकाम्या वाड्यात जिना सगळ्यात आधी दगा देतो.